कच्चे घर, पक्के घर

बेंगळुरूच्या दक्षिणेस, होसूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत, इलेक्ट्रॉनिक सिटी नावाची औद्योगिक वसाहत आहे. कर्नाटक राज्य इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाचे पहिले प्रमुख आर. के. बाळिगा यांच्या कल्पनेतून १९७८ च्या सुमारास कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या दोन खेड्यांच्या ३३२ एकर जमिनीवर तिचा आरंभ झाला. १९८१ साली पुण्यात जन्मलेली इन्फोसिस ही कंपनी १९८३ साली बेंगळुरूस गेली आणि पुढे तिचे मुख्य ठाणे याच वसाहतीत झाले. २०१० साली वसाहतीपर्यंत उंचावरून जाणारा रस्ता तयार झाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मेट्रो रेल्वेही येऊन पोचली. या सर्व घडामोडींत त्या खेड्यांची नावे तेवढी टिकली आहेत. मातीच्या जाड भिंती, नळीची कौले आणि पुढे दगडी जोते अशी जी घरे दक्षिण कर्नाटकात एके काळी सर्रास दिसत, त्यांच्या जागी येथे भाडेकऱ्यांसाठी बांधलेल्या अनेकमजली इमारती उभ्या आहेत.

या इमारतींत राहून वसाहतीत काम करणाऱ्यांत मराठी तरुण-तरुणींची संख्या थोडी नाही. कोणी लातूर-धाराशिवकडचा असतो, कोणी सोलापूर-सांगलीचा, कोणी रत्नागिरीच्या बाजूचा. त्यांतील पुष्कळांचे गावाकडे एक घर असते. ते आजोबा-पणजोबांनी बांधलेले असते, आणि आज त्यात वृद्ध आईवडील राहतात किंवा कुलूप लटकलेले असते. पावसाळा जवळ आला की गावाहून निरोप येतो : ओसरीची भिंत फुगली आहे, माजघर गळते आहे, काय ते एकदा ठरवा. मुलाच्या हाती आता पैसा आहे. शहरात राहून त्याच्या डोळ्यांना सिमेंटच्या घराची सवय झाली आहे. त्यामुळे उत्तर बहुधा ठरलेले असते : जुने पाडावे आणि पक्के बांधावे.

हे उत्तर काही वेळा बरोबर असते. पुष्कळ वेळा नसते. आणि योगायोग असा की, ते केव्हा बरोबर व केव्हा चूक हे पारखण्याची विद्या ज्या शहरात हा तरुण नोकरी करतो, त्याच शहरात गेल्या अर्धशतकात शास्त्रशुद्ध रीतीने अभ्यासली गेली आहे. तिचा परिचय करून घेण्यापूर्वी 'कच्चे' आणि 'पक्के' या दोन शब्दांचा थोडा विचार करणे अगत्याचे आहे.

सरकारी गणनेत घराचा कच्चेपणा किंवा पक्केपणा हा त्याच्या सामग्रीवरून ठरतो. भिंत मातीची, छप्पर गवताचे, की घर कच्चे. भाजलेली वीट, सिमेंट, लोखंड, की घर पक्के. लक्षावधी घरांची मोजदाद करावयाची तर असा एखादा ठोकताळा लागतोच, आणि त्याचा उपयोगही झाला आहे. १९८५ साली सुरू झालेली इंदिरा आवास योजना आणि २०१६ सालापासूनची प्रधानमंत्री आवास योजना यांतून ग्रामीण भागात घरकुले उभी राहिली. २०१६ च्या योजनेत सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये साहाय्य ठरविण्यात आले, आणि घराचे क्षेत्रफळ किमान २५ चौरस मीटर असावे असा दंडक घालण्यात आला. ज्यांच्या डोक्यावर धड छप्पर नव्हते त्यांना याचा आधार मिळाला, हे कोणीही मान्य करील. परंतु कागदावरील सोयीचा शब्द लोकांच्या मनात शिरला म्हणजे तो वेगळाच अर्थ धारण करतो. 'कच्चे' म्हणजे दरिद्री, 'कच्चे' म्हणजे मागासलेले, असे समीकरण होऊन बसले. शंभर वर्षे ताठ उभा असलेला वाडा कच्चा ठरला, आणि दहा वर्षांत गंजून ज्याच्या स्लॅबचे पोपडे पडू लागले ते घर पक्के राहिले.

महाराष्ट्रातील जुनी घरे ही त्या त्या मुलखाच्या हवामानाला दिलेली उत्तरे होती. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे माळवदाचे घर होते. सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचांचा थर आणि वर पांढऱ्या मातीचे धाबे. दोन खांबांमधील अंतराला खण म्हणत, आणि घराचा मोठेपणा खणांवरून सांगत. वैशाखातही अशा घराच्या माजघरात पाय ठेवताच गारवा जाणवतो. कारण जाड माती दिवसाची उष्णता आत येऊ देण्यास पुष्कळ वेळ लावते. कोकणात याच्या उलट अडचण पावसाची. म्हणून तेथे जांभ्याचे चिरे, तीव्र उताराचे छप्पर, भिंतीपासून चांगली पुढे आलेली पाखी आणि चहूबाजूंनी पडवी. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला, आणि ती मंगलोरी कौले पुढे किनारपट्टीवरून कोकणातील घराघरांवर चढली.

या दोन्ही प्रकारच्या घरांत एक गोष्ट समान होती. ती घरे दरवर्षीच्या कामावर जगत असत. पावसाळ्यापूर्वी कोकणात घर शाकारले जाई : कौले उतरवायची, फुटकी वेगळी काढायची, किडका वासा बदलायचा, पुन्हा कौले चढवायची. देशावर धाब्याच्या भेगा बुजविल्या जात, पन्हळी साफ होत. बाया भिंतींना पोतेरे देत, जमीन सारवीत. सुतार आणि कुंभार बलुत्यावर येत. ही सेवा कोणी घरखर्चात धरत नसे, कारण ती गावाच्या व्यवहारातच मुरलेली होती. तरुण माणसे शहरात गेली, गोठ्यातील गुरे कमी झाली, बलुते संपले, आणि घराची ही वार्षिक सेवा थांबली. त्यानंतर घर पडू लागले, यात नवल नाही. लोकांनी मात्र दोष मातीला दिला.

मातीविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा म्हणून ज्या घटनेचे नाव घेतले जाते, ती टाळून या विषयावर बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपी गेले असता, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत, सरकारी गणनेप्रमाणे, सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. बहुतेकांचा प्राण स्वतःच्याच घराने घेतला. यानंतर गावोगाव दगडमातीच्या घराची धास्ती बसली, आणि ती स्वाभाविक होती.

पडलेल्या घरांची पाहणी झाली तेव्हा जे आढळले ते ध्यानात घेण्यासारखे आहे. भिंती दोन ते चार फूट जाडीच्या होत्या, पण त्या एकसंध नव्हत्या. बाहेरून घडीव दगडाचा एक पडदा, आतून दुसरा, आणि मध्ये लहान दगड व माती यांची भर. दोन्ही पडद्यांना धरून ठेवणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड गवंड्यांनी घातलेच नव्हते. धक्का बसताच दोन्ही पडदे दोन दिशांना फुगून सुटले. छपराची गोष्टही तशीच. धाबे गळू लागले की जुनी माती काढण्याऐवजी लोक तिच्यावरच नवा थर घालीत. पिढ्यान्‌पिढ्या असे होऊन कित्येक घरांवर फूट-दोन फूट जाडीचा ढीग साचला होता. याउलट, जेथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा चांगला जोडलेला होता, तेथे अनेक ठिकाणी भिंती ढासळल्या तरी सांगाडा छपरासह उभा राहिला. म्हणजे घातक ठरले ते भिंतीतील तुटलेपण आणि माथ्यावरचे अमर्याद ओझे. मातीच्या जागी नुसते सिमेंट वापरल्याने हे दोष जात नाहीत. सिमेंटचे घर वाईट बांधले तर तेही कोसळते.

भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्याचबरोबर राज्य शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने दुसरेही एक काम हाती घेतले, ज्याची आठवण आता फारशी कोणी काढत नाही. तेरा जिल्ह्यांतील दीड लाखाहून अधिक घरांची, ती पाडून न टाकता, जागच्या जागी दुरुस्ती व मजबुती करण्यात आली. धाब्यावरची जास्तीची माती उतरविणे, खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरके आधार देणे, भिंतीला आरपार भोक पाडून त्यात सळई व काँक्रीट घालून दोन्ही पडदे शिवून टाकणे, दारे-खिडक्यांच्या वरच्या पातळीवरून घराभोवती पट्टा फिरविणे, असे हे उपाय आहेत. भारतीय मानक ब्यूरोने मातीच्या आणि साध्या दगडी बांधकामाचे भूकंपापासून रक्षण कसे करावे, यासंबंधीची मानके १९९३ सालीच प्रसिद्ध केली आहेत. दगडी भिंतीत प्रत्येक ६० सेंटिमीटर उंचीवर, आणि आडव्या दिशेने १.२ मीटरहून अधिक अंतर न ठेवता, आरपार दगड असावेत, इतक्या नेमकेपणाने त्यांत सांगितले आहे. गावच्या गवंड्याला समजणार नाही असे त्यात काही नाही.

आता बेंगळुरूकडे वळू. तेथील भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली प्राध्यापक अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने 'अस्त्र' नावाचे केंद्र निघाले. ग्रामीण भागासाठी विज्ञान व तंत्रज्ञान वापरावे, हा त्याचा उद्देश होता. तुमकूर जिल्ह्यातील उंग्रा या खेड्यात केंद्राने आपले कार्य मांडले. प्राध्यापक के. एस. जगदीश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे हाताशी असलेल्या मातीचा प्रश्न घेतला. माती पाण्याने विरघळते हा तिचा दोष. तो घालवावा, पण भट्टीचे सरपण जाळू नये, असे त्यांच्यापुढील कोडे होते. त्यांनी काढलेला मार्ग असा : योग्य माती चाळून घ्यावी, तीत वजनाच्या पाच ते आठ टक्के सिमेंट मिसळावे, बेताचे पाणी शिंपडावे आणि हाताने चालणाऱ्या दाबयंत्रात घालून तिची घट्ट वीट करावी. साधारणतः २३ सेंटिमीटर लांब, १९ रुंद आणि १० जाड अशी ही वीट असते. ती भाजायची नाही. रचून ठेवून, पेंढा अंथरून तीन आठवडे तिला पाणी देत राहायचे. भाजलेल्या विटेच्या तुलनेने तिला निम्म्याहूनही कमी ऊर्जा लागते. दाबयंत्र उचलून शेताच्या बांधावर नेता येते आणि घराची वीट घराजवळच पाडता येते. या विटांची घरे आज बेंगळुरू शहरात आणि आसपास मोठ्या संख्येने उभी आहेत. त्यांत सुखवस्तू लोकांचे बंगलेही आहेत. ज्या सामग्रीला गावाकडे कच्ची म्हणून हिणवले जाते, ती तेथे जाणकार मागून घेतात.

मात्र कोणतीही माती या कामाला चालत नाही. वाळूचा अंश सुमारे दोन-तृतीयांश आणि चिकणमाती दहा ते पंधरा टक्के, अशी माती उत्तम. बेंगळुरूच्या तांबड्या मातीत थोडी वाळू मिसळली की काम भागते. मराठवाड्याची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसते. ती जशीच्या तशी वापरता येत नाही. तीत चुना घालावा लागतो, किंवा ती सोडून मुरुमाकडे वळावे लागते. मातीची पहिली परीक्षा घरच्या घरी होते. काचेच्या उभ्या बरणीत एक-तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून ती खूप हलवावी आणि ठेवून द्यावी. तळाशी वाळू बसते, तिच्यावर गाळ आणि सर्वांत वर चिकणमाती. थरांची उंची मोजली की मातीचा स्वभाव कळतो. शेताचा वरचा वीतभर थर मात्र कधी घेऊ नये. त्यात काडीकचरा कुजलेला असतो आणि पिकाला तोच लागतो.

नवे बांधण्याची ही वाट झाली. परंतु जे घर उभे आहे ते सुधारावयाचे असेल तर कामाचा क्रम महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच चुकतो. बहुतेक लोक भिंतीच्या रंगापासून सुरुवात करतात. वास्तविक सुरुवात पाण्यापासून व्हावयास हवी. छपराचे पाणी कोठे पडते, अंगणाचा उतार घराकडे आहे की घरापासून दूर, न्हाणीघराचे सांडपाणी जोत्याशी मुरते का, शेजारच्या रस्त्याची पातळी दरवर्षी खडी टाकून घराच्या उंबरठ्याहून वर गेली आहे का, हे आधी पाहावे. पाण्याला वाट काढून दिली की भिंतींचे निम्मे दुखणे आपोआप थांबते. नंतर छप्पर, नंतर लाकूड, नंतर भिंत आणि शेवटी जमीन व रंग.

भिंतीच्या बाबतीत एक चूक सर्वत्र दिसते. मातीच्या भिंतीला मजबुती यावी म्हणून सिमेंटचा गिलावा केला जातो. मातीची भिंत जमिनीतील ओल थोडीफार वर खेचते आणि ती पृष्ठभागावरून बाहेर टाकते. सिमेंटच्या कवचाने ही वाट बंद होते. ओल आत कोंडते, माती मऊ पडते, आणि दोन-चार पावसाळ्यांनी गिलाव्याचा मोठा पापुद्रा भिंतीची माती घेऊनच खाली येतो. लोक म्हणतात, पाहा, मातीचे घर टिकले नाही. मातीच्या भिंतीला मातीचा किंवा चुन्याचाच गिलावा मानवतो. दुसरी चूक याहून गंभीर आहे. जुन्या दगडमातीच्या भिंती तशाच ठेवून त्यांवर काँक्रीटचा स्लॅब टाकला जातो. खालून कमकुवत आणि वरून जड, हा तोच दोष होय, ज्याने किल्लारीला घात केला. पूर्वी तो ढीग मातीचा होता, आता काँक्रीटचा असतो, इतकाच फरक.

शिवाय सागवानी खांब आणि तुळया यांना शहरात मोठी मागणी आहे. जुन्या वाड्यांचे नक्षीदार लाकूड विकत घेणारे व्यापारी गावोगाव फिरतात. घर पाडण्याच्या खर्चात तेवढीच भर पडली, म्हणून मालक ते देऊन टाकतो. तसे लाकूड पुन्हा मिळविणे आज सामान्य माणसाच्या आटोक्यातले नाही. घर पाडावयाचेच झाले तरी खांब, कड्या, दगड, कौले यांची आधी मोजदाद करावी आणि नव्या घरात त्यांना जागा द्यावी, हे शहाणपणाचे.

पाडावेच लागते अशी घरेही असतात. पाया खचून भिंत उभी फाटली आहे, खांब वाळवीने आतून पोखरले आहेत, किंवा घराची जागाच ओढ्याच्या पाण्यात येते, अशा वेळी केवळ जिव्हाळ्यापोटी घर राखणे हे आत राहणाऱ्यांच्या जिवाशी खेळणे होईल. जुन्या घरात उजेड कमी असे, स्वयंपाकघर धुराने कोंदटलेले असे, स्त्रियांसाठी सोय नसे. या उणिवाही झाकून ठेवण्याचे कारण नाही. कौलांत काच बसविता येते, योग्य जागी खिडकी काढता येते, संडास-न्हाणीघर मुख्य भिंतींपासून अलग बांधता येते. गांधीजींनी ग्रामीण घराकडून हवा-उजेडाची अपेक्षा केली होती आणि सामग्री पाच मैलांच्या परिसरातील असावी असे सुचविले होते. या दोन्ही अटी एकदम पाळता येतात, हे वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात आजही पाहावयास मिळते. १९३६ नंतर तेथे उभ्या राहिलेल्या माती, बांबू आणि कौलांच्या कुटी अद्याप उभ्या आहेत. कारण त्यांची निगा राखणारे हात तेथे आहेत.

या निगेशीच अखेर सारा प्रश्न येऊन थांबतो. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणाऱ्या मुलाला दरवर्षी धाब्यावर चढता येणार नाही. परंतु स्लॅबसाठी तो जी रक्कम कर्ज काढून एकदम घालणार असतो, तिच्यातील लहानसा भाग दरवर्षी गावच्या गवंड्याला आणि सुताराला नियमाने दिला, तर घर राहते आणि त्या कारागिरांचे हातही कामात राहतात. चुना मळणारा, माळवद जाणणारा कारागीर आज वृद्ध होत चालला आहे; त्याच्या मुलाला हे काम शिकावेसे वाटावयाचे असेल तर ते काम देणारा कोणी असला पाहिजे. केंद्र शासनाच्या ग्रामविकास मंत्रालयानेही प्रांतोप्रांतीच्या ग्रामीण घरांचे नमुने स्थानिक सामग्रीसह 'पहल' या संग्रहात एकत्र केले आहेत. म्हणजे सरकारी साहाय्याचे घर एकाच साच्याचे असले पाहिजे, असा नियम नाही.

गावाकडच्या घराचा निर्णय बहुधा दिवाळीच्या सुट्टीत होतो. त्या वेळी आकाश निवळलेले असते, भिंती सुकलेल्या असतात, आणि घराचे खरे दुखणे झाकलेले असते. ज्याला घर ठेवावे की पाडावे हे ठरवावयाचे आहे, त्याने एकदा आषाढात रजा काढून जावे. भर पावसात, गावच्या जाणत्या गवंड्याला बरोबर घेऊन, घराभोवती एक फेरी मारावी आणि पाणी कोठून येते व कोठे थांबते तेवढे पाहावे.